रिकाम्या रकान्यांवर काकूंचं नाव

हे मी अजून कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, तेही माझ्या सोयीचं अर्धं. आईला सांगायचं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा भाज्यांचे भाव बोलून फोन ठेवून दिला. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नको, कारणं द्यायला लागले की मी फार गोड बोलते, हा माझा जुना गुण आहे. सरळ सांगते. म्हणजे, बघते जमतंय का.

अमेरिकेतल्या हर्नडनच्या जवळ एक गोदाम होतं. बाहेरून बघाल तर गालिच्यांचं दुकान वाटावं असं, पत्र्याचं, बुटकं. ऑफिसांनी आणि शाळांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथं ट्रक भरभरून यायचे. ग्रेग म्हणून एक गोरा मालक होता, लाल गालांचा, सतत घाईत. त्याचं एक वेड होतं — यातलं काही म्हणजे काही मातीत जाता कामा नये. चालतं ते दुरुस्त करून पुन्हा विकायचं, चालत नाही त्याचे भाग काढायचे, आणि उरलेलं धातू वेगळं, प्लॅस्टिक वेगळं करून परत कारखान्यांकडे पाठवायचं. आता यावर मोठमोठ्या परिषदा होतात. दोन हजार पाच साली लोक त्याला भंगारवाला म्हणायचे, आणि तोही हसून हो म्हणायचा.

पण वस्तू परत वापरायची तर तिच्या पोटात काय आहे ते ठाऊक पाहिजे ना? ते ठाऊक करून देणं हे माझं काम. मशीनच्या पाठीवरचा बारकोड स्कॅन केला की पडद्यावर त्याची कुंडलीच उघडायची — बॅटरी कुठे, स्क्रू किती, शिसं आहे का, पारा आहे का, कुठला भाग विकला जाईल, कुठला फोडायचा नाही. ती सगळी सिस्टिम मी एकटीने बांधली. मी म्हणजे वृंदा, सांगलीची, एका कन्सल्टिंग कंपनीच्या एच-वन व्हिसावर, ग्रेगकडे प्रोजेक्टपुरती पाठवलेली. प्रोजेक्ट संपला की बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत नुसतं बसून, आणि बेंचवर किती दिवस ठेवतील याचा नेम नाही. व्हिसाचं सहावं, म्हणजे शेवटचं वर्ष लागायला आलं होतं आणि ग्रीन कार्डचे कागद अडकलेले. हे मी सांगतेय ते — नाही, हे कारण नव्हे. ही नुसती त्या वेळची हवा.

कुंडली मांडायला ज्योतिषी लागतो. तशा आमच्याकडे निर्मलाकाकू होत्या.

त्यांना मीच आणलं होतं तिथं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ओळख झाली. अकोल्याच्या. सरकारी इस्पितळात अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या, मुलाने काकांसकट ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेल्या आणि इथं घरात बसून बसून वैतागलेल्या. ‘मला काही काम सांग वं बाई, नाही तर मी या भिंतींशी बोलायला लागीन,’ असं पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. ग्रेगला मॉडेलांची माहिती भरायला माणूस हवा होता. कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तकं उघडायची, शोधायचं, रकान्यात लिहायचं — महिनाभर टिकेल असा माणूस त्याला मिळत नव्हता. काकू टिकल्या. नुसत्या टिकल्या नाहीत, रमल्या. सत्तावन्नाव्या वर्षी चौथ्या खेपेला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झालेल्या, जुन्या निळ्या गाडीतून रोज सकाळी मला घ्यायला यायच्या. लेन बदलताना मोठ्यांदा ‘जाऊ दे बाप्पा मला’ म्हणायच्या. मला ड्राइव्ह करायचा कंटाळा होता म्हणून मी शेजारी बसून त्यांनी आणलेला चिवडा खायची.

त्यांची एक पद्धत होती. नक्की माहीत असेल तेच भरायच्या. पुस्तकात सापडलं नाही, कंपनीला विचारूनही कळलं नाही, तर रकाना रिकामा. आणि तो रिकामा का ठेवला ते एका लांबट वहीत, मॉडेलच्या नंबरासकट. मी एकदा म्हटलं, काकू, अंदाजाने लिहा ना, नव्वद टक्के लॅपटॉप सारखेच असतात. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘इस्पितळात कुणाचा रक्तगट अंदाजाने लिहितात का गं?’ म्हणाल्या. मी हसले. मला ते जुन्या सरकारी वळणाचं वाटलं.

मी मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला.

तर — एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, शाळांचे सगळे जुने लॅपटॉप आमच्याकडे यायची बोलणी सुरू झाली. मोठं काम. ग्रेगने हातात घेतलेलं सगळ्यात मोठं. त्या लोकांना आमची सिस्टिम बघायची होती, म्हणजे डेमो, म्हणजे मी. आदल्या दिवशी दुपारी ग्रेग माझ्या टेबलाशी आला, पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. रिकामे रकाने लाल दिसायचे. मीच तसं केलेलं, लक्ष जावं म्हणून. पाऱ्याचा कॉलम तर लालभडक. तो म्हणाला, हे लाल दिसलं तर ते निघून जातील, आणि ते गेले तर सिस्टिमवर पुढे खर्च करणं मला जमणार नाही. आवाज चढवला नाही. उलट माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

माझी पाचावर धारण बसली. काकू त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं — पण विचारायचं होतं कुणाला? मी डेटाबेस उघडला आणि एक ओळ लिहिली. एकच. पाऱ्याचा रकाना जिथं जिथं रिकामा असेल तिथं तिथं ‘नाही’ घाल. एंटर दाबलं. क्षणात सगळं पांढरंशुभ्र झालं.

जुनी प्रत मी माझ्या मशीनवर ठेवली होती, डेमो झाला की परत फिरवायची म्हणून. तेव्हा मी स्वतःला शहाणी समजले.

डेमो छान झाला, माझं तोंड भरून कौतुक झालं, काम मिळालं. आणि मग? मग त्या लोकांना रिपोर्ट बघायला लॉगिन दिलं गेलं. आता परत लाल केलं तर ते विचारणार. आज करू, सोमवारी करू, पहिला ट्रक आला की करू. ट्रक आले. पाच महिने गेले. जुनी प्रत माझ्या मशीनवर होती, परत फिरवायला दहा मिनिटं लागली असती. पाच महिने मी रोज त्या खुर्चीवर बसत होते.

लॅपटॉपच्या पडद्यामागे तेव्हा उजेडासाठी एक काडीएवढी बारीक ट्यूबलाइट असायची. तिच्यात पारा. थोडासाच, पण ती फुटली की हवेत जाणारा. पडद्यावर ‘पारा आहे’ आलं तर माणसाने वेगळ्या टेबलावर, हवा ओढणाऱ्या पंख्याखाली, हातमोजे घालून ती दांडी अख्खी काढायची. रकाना रिकामा असला तरी तेच करायचं, असा नियम होता. ‘नाही’ आलं तर पडदा सरळ उपटायचा आणि मोडायचा. ऑस्कर नावाचा एल साल्वाडोरचा माणूस ते काम करायचा. चाळिशीचा, गाणं गुणगुणणारा. काकू त्याला चकली द्यायच्या. ऑस्कर दिवसाला कितीतरी पडदे मोडत होता.

मग शाळांकडून तपासणीस आले, एक मीटर घेऊन. ऑस्करच्या टेबलाशी मीटर जे वाजलं ते थांबेना. टेबल बंद केलं. त्याची तपासणी झाली, पारा नको तेवढा निघाला. झोप लागत नाही, हाताला बारीक कंप येतो, हे तो बरेच दिवस सांगत होता म्हणे. त्याला घरी बसवलं. नंतर तो दुसरीकडे कामाला लागला असं ऐकलं. कसा आहे ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं असं म्हणणार होते, पण धाडस कशाला लागतं — नुसता फोन तर करायचा होता.

ग्रेगने त्या सगळ्या मॉडेलांची यादी छापून काढली. आणि आता मुख्य गोष्ट.

प्रत्येक नोंदीपुढे एक नाव असतं — शेवटचा बदल कुणी केला. माणसाने फॉर्ममधून काही बदललं तरच ते नाव बदलतं. मी फॉर्ममधून गेले नव्हते. मागच्या दाराने गेले होते, तिथं नावाची नोंद होतच नाही. त्यामुळे माझ्या ‘नाही’पुढे आधीचंच नाव राहिलं. पानांमागून पानं, निर्मला, निर्मला, निर्मला. मी हे ठरवून केलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण ती यादी प्रिंटरमधून बाहेर येताना मी बघितली, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे मला सांगायचं होतं. काळजात चर्र वगैरे नंतर झालं. आधी हायसं वाटलं.

ग्रेगने दोघींना केबिनमध्ये बोलावलं. काकू पानं उलटत होत्या. बोट ओळीवर ठेवून, हळूहळू, जसं काही आपल्याच हस्ताक्षरातलं काहीतरी परकं वाचतायत. मान हलवत होत्या. ग्रेगने मला विचारलं — सिस्टिमने आपोआप असं भरलं असेल, असं होऊ शकतं का? 

मी म्हटलं, नाही. सिस्टिम आपोआप काही करत नाही.

यात खोटं काय आहे, सांगा? एक शब्द खोटा नाही. मी किती साळसूदपणे ते वाक्य निवडलं होतं. त्या खोलीत एका माणसाला माझी मदत हवी होती आणि तो माणूस माझ्याकडेच बघत होता. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते.

काकू म्हणाल्या, माझी वही आहे, तिच्यात सगळं लिहिलंय मी काय काय रिकामं ठेवलं ते. इंग्रजीत म्हणाल्या, अडखळत. मग माझ्याकडे वळून मराठीत — ‘वृंदा, तुझ्याकडेच दिली होती ना मी? पुढच्या खेपेला भरू म्हणून?’

दिली होती. दोन आठवड्यांपूर्वी दिली होती आणि माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. मी म्हटलं, नाही काकू, मला नाही दिलीत. 

बघा, पहिल्या चुकीला मी भीती म्हणेन, घाई म्हणेन. याला काय म्हणू? त्या क्षणी माझा आवाज अगदी मऊ होता. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. नंतर त्यांनी आपल्या पर्समध्ये बघितलं, ती लांबट वही त्या पर्समध्ये मावणारच नव्हती तरी बघितलं. संध्याकाळी ती वही मी कागद कापायच्या मशीनमध्ये घातली. पुठ्ठा आत जाईना, तो वेगळा फाडला.

त्या दिवशी परत जाताना गाडी काकूच चालवत होत्या. रोजच्या वळणावर वळल्या नाहीत. पुढच्या सिग्नललाही नाही. मग एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसल्या. त्यांची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती, पोटच्या मुलींनासुद्धा ताई म्हणायची, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलेलं होतं. हसत हसत सांगितलं होतं, पण हात पदराशी चाळा करत होता. त्या म्हणाल्या, ‘मी भरलं असन का गं? मला तर काही आठवत नाही. वहीचंही नाही. मी विसरून राहिली का?’

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? गाडीत ग्रेग नव्हता. व्हिसा नव्हता. आम्ही दोघीच होतो. तिथं खरं सांगितलं असतं तर नोकरी वाचलीच नसती असं नाही — त्या बाईंनी मला झाकलंही असतं, इतकी मी त्यांना ओळखत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, काकू, दमल्या होतात तुम्ही. होतं असं या वयात. 

हे माझं पाप आहे. ती डेटाबेसमधली ओळ नव्हे. हे.

त्यांना काढलं. ग्रेगने वाईट वाटून दोन आठवड्यांचा पगार जास्तीचा दिला. काकूंनी चार दिवसांनी गाडीची किल्ली काकांच्या हातात दिली आणि आपण होऊन चालवणं सोडलं. मुलाने डॉक्टरकडे नेलं. घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत चला, असलं सगळं झालं आणि डॉक्टर म्हणाला, बाईंना काहीही झालेलं नाही. पण काकूंचा डॉक्टरवर विश्वास बसला नाही. ग्रेगच्या कागदावर बसला. पुढे गॅस बंद केलाय का ते तीन तीनदा बघायला लागल्या. मंडळात प्रसादाचं काम दिलं तर म्हणायच्या, मला नका सांगू, माझ्या लक्षात राहत नाही. वर्षभराने मुलाची नोकरी टेक्सासला गेली आणि सगळेच तिकडे फ्रिस्कोला राहायला गेले.

आणि मी? मी ती जुनी प्रत गुपचूप परत फिरवली. सगळ्या ‘नाहीं’चे पुन्हा रिकामे रकाने केले, आणि त्यात एक तिसरा पर्याय घातला — ‘माहीत नाही’. तो निवडला की पडदा सांगायचा, पारा आहे असं समजूनच काम करा. ग्रेगला ते फार आवडलं. शाळांना आवडलं. त्यावर मी एका परिषदेत भाषण केलं, की वस्तूची माहिती तिच्याबरोबर शेवटपर्यंत प्रवास करायला हवी आणि जे ठाऊक नाही ते प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ म्हणून लिहायला हवं. अंदाज करू नये, म्हटलं. रक्तगटाचं उदाहरणही दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जाला ग्रेगचं जे पत्र जोडलं त्यात या तिसऱ्या पर्यायाचं कौतुक आहे. ती पद्धत कुणाची होती ते पत्रात नाही.

तेव्हापासून मला एका जागी धड बसवत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. कुणी म्हणालं ‘अगं, मी तुला दिलं होतं ना’, तर मी आधी हो म्हणून टाकते, दिलेलं नसलं तरी. याने काय होतं? काही नाही होत.

काकू फोन करायच्या. दर संक्रांतीला, आणि मधेच कधीतरी. राग नाही, काही नाही. उलट सगळ्यांना सांगायच्या की त्या प्रसंगात वृंदानेच मला सांभाळून घेतलं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात असाच फोन आला. मी पोळ्या करत होते, फोन खांद्याला धरून. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, ‘एक विचारू? हसू नको.’ म्हटलं, विचारा.

‘ते काळे लॅपटॉप होते बघ, शाळेचे, झाकणावर बेडकाचं स्टिकर लावलेले. त्याच्या पुस्तकात दिव्याचं पानच नव्हतं. बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस होतं. म्हणून मी रिकामं सोडलं होतं. कंपनीला फोनही लावला होता, त्या बाईने उचलून ठेवून दिला. हे मला लख्ख दिसून राहिलं गं आज सकाळपासून. मग मी तिथं नाही कशाला लिहीन?’

मी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली. ते पुस्तक मी बघितलेलं होतं. बेचाळीसनंतर पंचेचाळीसच होतं. तीन वर्षांनी, एका गोदामातल्या एका पुस्तकाची हरवलेली पानं त्या बाईंना नंबरासकट आठवत होती. पलीकडे त्या थांबल्या होत्या. घाई करत नव्हत्या. मी नुसतं ‘हो काकू’ म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

मी म्हटलं, ‘काकू, किती वर्षं झाली त्याला. आता आठवतंय असं नुसतं वाटतं हो.’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या. ‘असंच असन.’ मग माझ्या मुलीच्या दातांची चौकशी केली, काकांच्या गुडघ्याचं सांगितलं. फोन ठेवताना म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, तुलाच विचारलं.’